पथ्याच्या यादीआधी घड्याळ बघा

प्रश्न: माझं वय 44. राहते डोंबिवलीत, नोकरी मुंबईला फोर्टमध्ये. तीन वर्षांपासून छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, पहाटे घशाशी आंबट-कडू पाणी येतं. आठवड्यातून चार-पाच रात्री एक-दीडला जाग येते आणि उठून बसावं लागतं. ऑफिसातून सव्वासहाला निघून पावणेआठला घरी पोचते. मग स्वयंपाक, मुलांचं आणि मिस्टरांचं जेवण. सगळ्यांचं झालं की दहाला मी बसते, ओटा आवरून अकराला आडवी होते. झोपताना पेलाभर थंड दूध घेते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कुणी कुणी सांगितलं म्हणून तूरडाळ, वांगं, शेंगदाणे, टोमॅटो, दही, लसूण, अगदी पोळीसुद्धा सोडून पाहिली, फरक नाही. संकष्टी करते, त्या रात्री तर हमखास जास्त त्रास. जळजळ झाली की पित्ताची गोळी घेते. कंबरदुखीसाठी दुखण्याची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा होते. दोन वर्षांत वजन 62 वरून 69 झालंय. आता खायचं तरी काय? आणि एंडोस्कोपी करून घेऊ का?

उत्तर:

ताई, तुम्ही सोडलेल्या पदार्थांतले बहुतेक परत घेता येतील. तुमचा त्रास तूरडाळीने किंवा पोळीने होत असेल असं पत्रावरून वाटत नाही. दहाला जेवण आणि अकराला झोप, हे त्यामागचं सगळ्यात मोठं कारण दिसतंय. तीन वर्षं तुम्ही ताटातल्या वस्तू बदलत राहिलात, जेवणाची वेळ मात्र तीच राहिली. म्हणून आपण वेळेपासून सुरुवात करू, मग मापाकडे जाऊ आणि पदार्थांकडे सगळ्यात शेवटी येऊ.

त्याआधी एक गोष्ट नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या. छातीतली प्रत्येक आग पित्ताची नसते. जिना चढताना किंवा घाईने चालताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर कमी होत असेल, दुखणं जबडा, खांदा, पाठ किंवा डाव्या हाताकडे जात असेल, सोबत दरदरून घाम, धाप किंवा अचानक कमालीचा थकवा येत असेल, तर गोळी घेऊन वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका अनेकदा नुसती मळमळ, धाप आणि पाठीतलं दुखणं असा येतो आणि ‘गॅस झालाय’ म्हणून अंगावर काढला जातो. तुमचं वर्णन जेवणाशी आणि आडवं होण्याशी जुळतं, त्यामुळे ते पित्ताचंच वाटतं. तरीही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तदाब आणि साखर तपासून एकदा ईसीजी काढून घ्या.

आता आत नेमकं काय होतं ते. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते, ती झडपेचं काम करते. घास खाली गेला की ती आवळते. जठर अन्नाने किंवा हवेने ताणलं गेलं की ही झडप मधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. ढेकर बाहेर पडावी म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. पोट जितकं गच्च, तितकं हे सैल पडणं वाढतं, आणि त्या वेळी हवेबरोबर आम्लही वर सरकतं. जेवणानंतर ताजं आम्ल अन्नात पूर्ण मिसळत नाही. त्याचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी खाली तरंगत राहतो. तुम्ही उभ्या किंवा बसलेल्या असाल तर वर आलेलं आम्ल खाली उतरतं, गिळलेली लाळ उरलंसुरलं धुऊन नेते. आडवं झाल्यावर उतार संपतो, आणि झोप लागल्यावर लाळ सुटणं आणि गिळणं जवळजवळ थांबतं. दिवसा काही मिनिटांत निघून जाणारं आम्ल रात्री अन्ननलिकेत बराच वेळ पडून राहतं. तुम्हाला एक-दीडला जाग येते ती यामुळेच.

साधं जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर आणखी जास्त. म्हणून शेवटचा घास आणि उशी यांत किमान तीन तास हवेत. अकराला झोपायचं तर आठला जेवण संपायला हवं. पावणेआठला घरी पोचणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे. त्यामुळे जेवणाचे दोन भाग करू. सकाळी डबा भरताना दुसरा छोटा डबा भरा: दोन फुलके आणि कोरडी भाजी, किंवा एक भाकरी आणि मुगाची उसळ. तो ऑफिसमध्ये सहाला, निघण्याआधी, बसून खायचा. गाडीत उभ्याने नको. घाईत गिळलेल्या प्रत्येक घासाबरोबर हवा आत जाते आणि पोट फुगतं. हेच तुमचं रात्रीचं मुख्य जेवण. घरी आल्यावर सव्वाआठपर्यंत फक्त एक वाटी मऊ मुगाची खिचडी, नाहीतर ज्वारीच्या पिठाची पेज, नाहीतर दुधी-गाजराचं सूप. म्हणजे अकरापर्यंत पावणेतीन तास मिळतात आणि पोटात भरही कमी असतो.

घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर आपण बसायचं, ही पद्धत मात्र मोडावी लागेल. मुलं जेवायला बसतील तेव्हा तुम्हीही वाटी घेऊन बसा. मिस्टरांना उशीर होत असेल तर झाकून ठेवलेलं ते वाढून घेऊ शकतात. घरात हे बोलायला जड जात असेल तर डॉक्टरांनी वेळ ठरवून दिली आहे असं सांगा, आणि तसं सांगण्यात काहीच खोटं नाही. आणखी एक: नंतर आवरताना पातेल्यात उरलेला भात आणि मुलांनी टाकलेली पोळी संपवू नका. ते खाणं जेवणात धरलं जात नाही, पण पोटाला ते दहा वाजताचं जेवणच असतं.

मापाचं सांगते. वाटी म्हणजे दीडशे मिलीची, आमटीची नेहमीची. दुपारी दोन फुलके, एक वाटी भाजी, एक वाटी वरण किंवा आमटी, अर्धी वाटी भात, काकडी-गाजराची कोशिंबीर. एवढ्यावर पोट भरलं नाही असं वाटलं तर पंधरा मिनिटं थांबा, मग हवं तर आणखी अर्धा फुलका. जेवणात पाणी प्यायला बंदी नाही, पण पेलाभर पुरे. तांब्या रिकामा केला तर तेही पोट ताणणारंच. जेवण वीस मिनिटांचं असू द्या. पित्तासाठी ‘दर दोन तासांनी काहीतरी खा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो शब्दशः पाळला तर दिवसभर चरणं होतं आणि वजन वाढतं. चार ठरलेली खाणी, मध्ये काही तासांचं अंतर, हे तुमच्या दिवसात बसतं.

तिखटापेक्षा तेलाकडे आधी बघा. मिरचीतलं तिखट आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं हे खरं, पण चरबी जठर रिकामं व्हायला उशीर लावते आणि झडपही सैल करते. त्यामुळे तिचा त्रास लांबतो. मिसळीची प्लेट घ्या: तर्रीत तेल, वर तळलेली फरसाण, कच्चा कांदा, पिळलेलं लिंबू आणि शेवटी चहा. कुणाला मिसळीने पित्त झालं की दोष एकट्या मिरचीवर जातो. एका मोठ्या माणसाला दिवसाला चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे 20 मिली तेल पुरतं. तुम्ही घरात चौघं असाल तर महिन्याला साधारण 2.4 लिटर. महिन्याच्या किराण्यात पाच लिटरचा कॅन येत असेल आणि तो महिनाअखेर संपत असेल, तर कुठे कापायचं ते तिथेच कळतं. फोडणीला तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला.

दुधीची भाजी कशी करायची ते बघा. चौघांसाठी 400 ग्रॅम कोवळा दुधी, दोन मोठे चमचे अर्धा तास भिजवलेली मुगाची डाळ. कढईत दोन छोटे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. एक हिरवी मिरची उभी चिरून तिच्या आतला पांढरा गर आणि बिया खरवडून टाका. मिरचीचा तिखटपणा सगळ्यात जास्त त्या गरात असतो, वास आणि चव सालीत राहते. फोडी आणि डाळ घालून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, वरून कोथिंबीर आणि एक चमचा ओलं खोबरं. लाल रंग हवा असेल तिथे लवंगी मिरचीच्या तिखटाऐवजी ब्याडगीचं वापरा. याच पद्धतीने पडवळ, दोडका, लाल भोपळा, कोबी, फरसबी होतात. खिचडीसाठी अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार ते साडेचार वाट्या पाणी, दोन छोटे चमचे तूप. तिघांना रात्रीसाठी पुरते. तूप कुकरमध्ये घातलं की पानात वरून पुन्हा धार नको.

झोपतानाचं थंड दूध थांबवा. दूध पोटात गेल्यावर आम्ल थोडा वेळ सौम्य होतं, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं खरंच बरं वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल तयार करायला लावतात, आणि म्हशीच्या सायीच्या दुधात चरबी भरपूर असते. वर पेलाभर म्हणजे दोनशे-अडीचशे मिलीचा भर, तोही आडवं होण्याच्या आधी पाच मिनिटं. दूध हवंच असेल तर अर्धा पेला, साय काढलेलं, संध्याकाळी सहाच्या डब्याबरोबर घ्या. रात्री जळजळ झालीच तर दोन घोट साधं पाणी पिऊन उठून बसा.

घरगुती उपायांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणी ना कुणी सुचवणारच. लिंबूपाणी ‘पोटात गेल्यावर अल्कली होतं’ असं सांगतात. पोटात गेल्यावर पुढे काय होतं याने अन्ननलिकेला फरक पडत नाही, तिच्यावरून जाताना ते आंबटच असतं. तेच व्हिनेगरचं, आवळ्याच्या रसाचं आणि कोकम सरबताचं. कोकम उन्हाळ्यात कितीही थंड वाटलं तरी आंबट आहे, तुमची जळजळ बसेपर्यंत नको. पुदिना पोटाला चांगला म्हणून चटणीत, गोळ्यांत, चहात घातला जातो. त्याने ही झडप सैल पडू शकते, म्हणून पित्तवाल्याने तो टाळावा. फसफसणारं फ्रूट सॉल्ट आम्ल मारतं, पण त्यातून निघणारा वायू पोट फुगवतो आणि त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ते हाताशी ठेवूच नये. जेवणानंतर बडीशेप चघळायला हरकत नाही. चघळण्याने लाळ सुटते आणि लाळ आम्ल धुऊन नेते. बिनसाखरेचं, बिनपुदिन्याचं च्युइंगगम अर्धा तास चघळलं तरी हाच फायदा होतो.

आता तुमची सोडलेल्या पदार्थांची यादी. पहिले दोन आठवडे फक्त वेळ, माप आणि तेल सांभाळा. पोळी आणि तूरडाळ आजपासूनच परत आणा. पोळीशिवाय आणि डाळीशिवाय तुम्ही पोट कशाने भरता आहात, याचीच आम्हाला काळजी वाटली. तिसऱ्या आठवड्यापासून बाकीचे पदार्थ एकेक करून आजमावा: एका वेळी एकच, दुपारच्या जेवणात, अर्धी वाटी, पुढचे तीन दिवस दुसरं काही नवीन नाही. वांग्याची भाजी, मग ताजं गोड दही, मग फोडणीतला शिजलेला लसूण, मग शिजलेला टोमॅटो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते, म्हणून ते शेवटी आणि एक मोठा चमचा कूट एवढंच. तीन तासांत जळजळ झाली तर तो पदार्थ बाजूला ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा परत बघा. दोनदा त्रास दिला तरच कायमचा सोडा. बहुतेकांच्या यादीत शेवटी दोन-तीनच नावं उरतात. नेहमी उरणारी म्हणजे तळण, कच्चा कांदा, फसफसती पेयं, चॉकलेट आणि रिकाम्या पोटी कडक चहा.

यासाठी एक साधी वही ठेवा. चार रकाने: किती वाजता खाल्लं, काय आणि किती, आडवं कधी झाले, जळजळ कधी आणि दहापैकी किती. चौदा दिवस पुरे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांना तुमचा त्रास पाच मिनिटांत कळेल.

चहाचं एवढंच, की उठल्याउठल्या पहिली गोष्ट तो नको. आधी अर्धं केळं किंवा कालच्या पोळीचा तुकडा, मग अर्धा कप, पाच-दहा मिनिटं उकळून काळा न केलेला. दिवसाला दोन. संध्याकाळी सहानंतर नाही.

झोपण्याच्या जागेकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, आणि तिथे फार खर्च न करता मोठा फरक पडतो. दोन उशा घेऊन उपयोग होत नाही. त्याने मान आणि कंबर तेवढी वाकते, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट जास्त वर ढकललं जातं. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत हवा. लोखंडी किंवा लाकडी पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. पायाच्या मापाची खाच कोरून घ्या म्हणजे पाय घसरणार नाही. खाली सामान ठेवायचा बॉक्स-बेड असेल तर तो उचलता येत नाही. मग गादीवाल्याकडून कडक फोमचा पाचरीसारखा तुकडा करून घ्या: लांबी 70 ते 75 सेंटिमीटर, रुंदी तुमच्या खांद्यांपेक्षा जास्त, डोक्याकडे उंची 18 ते 20 सेंटिमीटर आणि कमरेकडे शून्यावर आलेला. मऊ फोम महिन्याभरात बसतो, तो घेऊ नका. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर घडी केलेल्या रजया पायऱ्यापायऱ्यांनी गादीच्या खाली सरकवा.

आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराचा मोठा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झडप आम्लाच्या पातळीच्या वर राहते, उजव्या कुशीवर ती आम्लात बुडते. झाकण सैल असलेली बाटली आडवी ठेवावी तसं होतं मग. झोपेत वळलात तर पाठीशी एक लोड लावून ठेवा. रविवारी दुपारी जेवणानंतर डोळा लागत असेल तर आरामखुर्चीत टेकून वीस मिनिटं, गादीवर नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण नजरेतून सुटतं: परकराची नाडी. साडी सुटू नये म्हणून ती कचकन आवळली जाते आणि दिवसभर पोटावर दाब राहतो. संध्याकाळी नाडी सोडल्यावर कमरेवर लाल वळ दिसत असेल तर ती जास्तच घट्ट आहे. रुंद पट्ट्याचा किंवा इलॅस्टिकचा परकर घ्या. पंजाबी ड्रेस, जीन्स यांनाही तेच लागू. जेवणानंतरच्या दोन तासांत कमरेत वाकून लादी पुसणं, खालच्या कपाटातले डबे काढणं, जड बादल्या उचलणं टाळा. ओटा उभ्याने आवरा, लादी सकाळी. सूर्यनमस्कार, कपालभाती सकाळी रिकाम्या पोटीच. जेवणानंतर शतपावली मात्र जरूर करा, रमतगमत दहा-पंधरा मिनिटं.

संकष्टीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो दिवस तुमच्या त्रासाची सगळी कारणं एकत्र आणतो. सकाळपासून चहावर चहा, दुपारी तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट आणि बटाटा, संध्याकाळी वेफर्स. मग चंद्रोदय, तो महिन्यानुसार कधी पावणेनऊला तर कधी दहाच्याही पुढे. तोवर भूक खवळलेली, आणि मग वरण, भात, भाजी, तळण, मोदक असं पूर्ण ताट. त्यावर लगेच झोप. उपास सोडायची गरज नाही, ताट बदला. दिवसभरात थोडं थोडं खा: सकाळी केळं आणि अर्धा कप दूध, दुपारी वरीचे तांदूळ आणि कुटाच्या आमटीऐवजी काकडीची ताज्या ताकातली कोशिंबीर, चारला उकडलेलं रताळं, सहाला पपई किंवा एक वाटी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. साबुदाणा खायचाच असेल तर अर्धी वाटी खिचडी, एक चमचा तुपात. चंद्रोदयानंतर नैवेद्याचा एक उकडीचा मोदक, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि वाटीभर वरणभात. उपास तेवढ्याने सुटतो. बाकीचे मोदक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाफवून खा. त्या रात्री झोप तासभर पुढे ढकला आणि फोमची पाचर चुकवू नका.

वजनाचा मुद्दा टाळता येत नाही. पोटावरची चरबी जठरावर सतत आतून दाब देते. 62 वर जावंच असं नाही, चार-पाच किलो कमी झाले तरी जळजळीत फरक दिसतो. महिन्याला एक ते दीड किलो पुरे. सहाचा डबा आणि रात्रीची एक वाटी हा बदल केलात तर त्यासाठी वेगळा डाएट लागणार नाही. उपाशी राहून वजन उतरवू नका, नंतर एकदम खाणं होतं. घरात कुणाला तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर त्यांनाही सांगा, निकोटिनने ही झडप ढिली पडते.

कंबरेच्या गोळीकडे वळू. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गटातल्या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, रिकाम्या पोटी तर जास्तच. आठवड्यातून दोन-तीन म्हणजे कमी नाही. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर जाता येईल का बघा, आणि कंबरेचं कारण शोधून व्यायाम सुरू करा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, लोहाची गोळी, दम्याची काही औषधं यांनीही जळजळ वाढू शकते. ती स्वतःहून बंद करू नका, फक्त यादी डॉक्टरांना दाखवा.

शेवटी पित्ताची गोळी आणि एंडोस्कोपी. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गटातली गोळी जळजळ झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आम्ल तयार करणारे पंप जेवणाने चालू होतात आणि चालू असलेल्या पंपांवरच ती बसते. म्हणून ती साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, रोज, ठरलेल्या मुदतीपर्यंत. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. चहाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली तर बरीचशी वाया जाते. तुमचा त्रास रात्रीचा असल्याने डॉक्टर ती संध्याकाळच्या खाण्याआधीही सुचवू शकतात. तुमच्या गोळीत डॉम्पेरिडोनची जोड आहे का ते पाकिटावर बघा. ते औषध मनाने महिनोन्महिने घ्यायचं नाही, हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. तात्काळ आराम हवा असेल तर पातळ अँटासिड, दोन छोटे चमचे. ते आणि लोहाची गोळी यांत दोन तास, थायरॉइडची गोळी असेल तर चार तास अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तेही विचारूनच घ्यावं.

एंडोस्कोपी ताबडतोब लागते ती अशा वेळी: घास गिळताना अडकतो किंवा दुखतो, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही येतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं (लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, ते वेगळं), न ठरवता वजन उतरतं, हिमोग्लोबिन खाली जातं, किंवा उलट्या थांबत नाहीत. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर आधी सोनोग्राफी, पित्ताशयातल्या खड्यांसाठी. यातलं काही तुमच्या पत्रात नाही. म्हणून आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे रोजची गोळी, वेळेवर, आणि वर सांगितलेले बदल. त्याने फरक पडला नाही, किंवा गोळी थांबवल्यावर त्रास पुन्हा तितकाच सुरू झाला, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन एंडोस्कोपी करून घ्या. तीन वर्षांचा त्रास आहे, तेव्हा ती पुढे ढकलत राहू नका.

आठ आठवडे झाल्यावर गोळी एकदम सोडली तर पहिले पंधरा दिवस आम्ल नेहमीपेक्षा जास्त तयार होऊ शकतं. त्याने घाबरून अनेकजण पुन्हा गोळी सुरू करतात आणि मग ती वर्षानुवर्षं सुटत नाही. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे एक दिवसाआड घ्या, मग थांबवा. त्या दिवसांत जळजळ झाली तर अँटासिडवर निभवा, जेवण सव्वाआठच्या आत ठेवा. गोळी पूर्ण थांबवून तीन आठवडे उलटले आणि तरीही रात्री जाग येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.